ओव्हरड्राईव्ह : पठारावर लावा, घाटाआधी सोडा

बेळगावहून गोव्याला उतरताना एकाच प्रवासात दोन वेगळे रस्ते भेटतात. खानापूरपर्यंत पठार, बऱ्यापैकी मोकळं आणि सरळ. लोंढा मागे पडलं की झाडी दाटत जाते, रामनगरला जोयडा तालुका लागतो आणि अनमोडनंतर घाट थेट मोलेमकडे उतरतो. मुख्य रस्ता सोडून तालुक्याच्या आत, बाजारकुणंगसारख्या जंगलातल्या गावांकडे वळलं, तर वळणं आणि चढउतार पाठ सोडत नाहीत. पठारावर गाडीला उंच गिअर हवा असतो : इंजिनाचे फेरे कमी, चाकांचे जास्त. घाटात नेमकं उलट हवं असतं : चढताना जोर आणि उतरताना इंजिनाचा आवर. चारच गिअर असलेल्या जुन्या गाडीला या दोन्ही गरजा एकाच पेटीतून भागवणं कठीण जायचं. त्यावर गेल्या शतकाच्या मध्यावर जो तोडगा सर्वाधिक गाजला, तो म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे जोडलेला आणि डॅशबोर्डवरच्या किंवा गिअरच्या दांड्यावरच्या एका बटणावर चालणारा ओव्हरड्राईव्ह.

महाराष्ट्रात दोन पिढ्या ज्या गाडीवर वाढल्या, ती कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट ११०० आणि तिचंच पुढचं नाव असलेली पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टीअरिंगजवळच्या दांड्यावर चार गिअर. मुंबई–पुणे प्रवासात चौथा गिअर पडला की पुढे आणखी काही उरत नसे. वेग वाढवायचा तर इंजिनाला ओरडायलाच लावायचं. त्याच काळात ब्रिटनमध्ये बनणाऱ्या कितीतरी स्पोर्ट्‌स कारना मात्र चौथ्याच्या वर आणखी एक पायरी होती. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या संग्राहकांकडे आणि जुन्या गाड्यांच्या रॅलींमध्ये एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, जग्वार दिसतात. त्यांतल्या अनेकींच्या पोटात ही पायरी आजही आहे. दुर्दैवाने ती अनेकदा बंद पडलेली असते, आणि बरेचदा कारण अगदी किरकोळ असतं. ओव्हरड्राईव्ह आतून कसा चालतो हे मालकाला समजलं, तर अशी बरीच युनिटं न उघडता पुन्हा चालू होतील, असं मला मनापासून वाटतं.

शेफिल्डची देणगी

या यंत्रामागचं नाव एडगर द नॉर्मनव्हिल यांचं. ते अभियंतेही होते आणि मोटारींवर लिहिणारे पत्रकारही. त्यांची कल्पना शेफिल्डच्या लेकॉक कंपनीने उत्पादनात आणली आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस ती स्टँडर्ड व्हॅनगार्ड या साध्या कुटुंबाच्या गाडीवर बसली. हीच व्हॅनगार्ड पुढे मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने आपल्याकडेही आणली, त्यामुळे जुन्या वाचकांना ते नाव ओळखीचं असेल.

स्पोर्ट्‌स कारवाल्यांनी ही सोय लगेच उचलली. १९५३ पासून विकल्या गेलेल्या ऑस्टिन-हीली १०० ची गोष्ट मासलेवाईक आहे. तिला ऑस्टिनच्या दुसऱ्या एका गाडीची चार गिअरची पेटी बसवली, पण हलक्या गाडीला पहिला गिअर फारच खालचा पडतो म्हणून तो बंद करून टाकला. उरलेल्या तीन गिअरपैकी वरच्या दोन्हींवर ओव्हरड्राईव्ह दिला. हिशेब केला तर पुढे जायच्या पाच पायऱ्या झाल्या. ट्रायम्फ टीआर-२ वर सुरुवातीला तो फक्त टॉपवर होता. १९५५ च्या सुमारास दुसऱ्या आणि तिसऱ्यावरही मिळू लागला. एमजीबी ही या घराण्यातली सर्वात जास्त खपलेली गाडी. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या आणि १९६३ पासून ओव्हरड्राईव्ह पर्याय म्हणून मिळत होता. व्होल्व्होच्या १८०० मध्ये तो होताच; फेरारीच्या २५० जीटीई या चार आसनी गाडीतही लेकॉकचंच युनिट होतं. गाडीगणिक ए, डी, एलएच, जे अशा त्याच्या वेगवेगळ्या जाती झाल्या. बाहेरची रचना बदलली, आतलं तत्त्व मात्र तेच राहिलं.

आत काय घडतं

मधोमध सन गिअर. त्याला लागून फिरणारे छोटे प्लॅनेट गिअर, एका चौकटीवर बसवलेले. आणि या सगळ्यांना बाहेरून कवेत घेणारं, आतल्या बाजूला दाते असलेलं ॲन्युलस. गिअरबॉक्समधून येणारा शाफ्ट प्लॅनेटची चौकट फिरवतो आणि ॲन्युलसमधून ताकद मागच्या चाकांकडे जाते.

बटण बंद असताना म्हणजे डायरेक्ट ड्राईव्हमध्ये दोन गोष्टी काम करतात. एक, रोलरचा एकदिशा क्लच. तो इनपुट शाफ्टची पुढची ओढ सरळ ॲन्युलसला देतो. दुसरी, स्प्रिंगांनी दाबून धरलेला कोन क्लच. शंकूच्या आकाराचा हा तुकडा सन गिअरला ॲन्युलसशी जखडून टाकतो, म्हणून सगळा संच एकसंध फिरतो. जितके फेरे आत, तितकेच बाहेर.

बटण दाबलं की सोलेनॉइड एक झडप उघडतो. शाफ्टवरच चालणाऱ्या छोट्या पंपाने साठवलेलं तेल पिस्टनांवर येतं आणि त्या दाबाने कोन क्लच स्प्रिंगांना मागे रेटत दुसऱ्या बाजूच्या स्थिर ब्रेक रिंगवर जाऊन बसतो. आता सन गिअर जागच्या जागी थांबला. प्लॅनेट मात्र त्याच्याभोवती धावतच आहेत, त्यामुळे ते ॲन्युलसला आपल्याहून जास्त वेगाने ढकलतात. समजा ॲन्युलसचे दाते ८० आणि सन गिअरचे २० आहेत. मग गुणोत्तर ८० भागिले १००, म्हणजे ०.८. चाकांकडे जाणारा शाफ्ट एकदा फिरायला इंजिनाचे फक्त ०.८ फेरे पुरतात. लेकॉकची बहुतेक युनिटं ०.७८ ते ०.८२ या टप्प्यात मोडतात.

या क्षणी तेलाचा दाब असतो सुमारे ४०० ते ५०० पौंड प्रति चौरस इंच. टायरमध्ये आपण साधारण तीस पौंड हवा भरतो, त्यावरून या दाबाची कल्पना येईल. एवढा दाब तयार करणारं तेल स्वच्छ आणि योग्य जातीचं का हवं, हे यातूनच समजतं.

फायदा आकड्यांत पाहू. एमजीबी चौथ्या गिअरवर ताशी १०० किलोमीटरने जात असेल, तर इंजिन मिनिटाला सुमारे ३,५०० फेरे मारतं. ओव्हरड्राईव्ह लागला की तेच २,८०० च्या आसपास येतं. दर मिनिटाला सहा-सातशे फेरे वाचले. आवाज खाली येतो, इंजिनाची झीज कमी होते, पेट्रोलही वाचतं. आणखी एक उपयोग कमी लोकांना ठाऊक असतो : तिसऱ्या गिअरवर ओव्हरड्राईव्ह लावला, तर गुणोत्तर सुमारे १.१ येतं, म्हणजे चौथ्याच्या जरा खाली. ट्रकच्या मागे अडकल्यावर क्लच न दाबता एका बटणावर हा गिअर मिळतो आणि पुढे जायला जोर उरतो.

लावण्याची आणि सोडण्याची रीत

लावताना ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असावा. पाय पूर्ण रेटलेला नको आणि पूर्ण उचललेलाही नको. क्लचची गरज नाही. गाडीने पुरता वेग घेतलेला असावा. इंजिन आधीच मंद फिरत असेल तर ओव्हरड्राईव्ह लावून ते गुदमरतं आणि भार सगळा कोन क्लचच्या घर्षणाच्या अस्तरावर येतो.

सोडताना जास्त काळजी लागते. ओव्हरड्राईव्ह सुटताच इंजिनाचे फेरे पाचव्या हिश्श्याहूनही जास्त वाढायला हवे असतात. पाय उचललेला असेल तर ते फेरे चाकांनी इंजिनाला ओढूनच वाढवावे लागतात आणि गाडीला हिसका बसतो. म्हणून सोडताना ॲक्सिलरेटरवर थोडा दाब ठेवावा. ऑस्टिन-हीलीच्या कारखान्याने यासाठी थ्रॉटलवर एक स्विच आणि रिलेच बसवला होता : पाय उचललेला असताना ओव्हरड्राईव्ह सुटायचाच नाही. सुरुवातीच्या एमजीबीत हेच काम इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारा स्विच करत असे. आज अनेक गाड्यांत हे स्विच काढून टाकलेले असतात, म्हणून ती जबाबदारी चालकाच्या पायावर येते. तिसऱ्या गिअरवर ओव्हरड्राईव्ह लावून जोरात जात असताना तो एकदम सोडला, तर इंजिन धोक्याच्या फेऱ्यांत जाऊ शकतं, हेही लक्षात ठेवावं.

घाट सुरू होण्याआधी ओव्हरड्राईव्ह सोडायचा, हा नियमच करावा. अनमोड उतरताना किंवा कारवारकडे अणशी घाट उतरताना गाडी तिसऱ्या गिअरवर, डायरेक्टमध्ये हवी. तेव्हाच इंजिनाचा आवर चाकांपर्यंत नीट पोचतो आणि ब्रेक तापत नाहीत. इथे एक बारीक गोष्ट आहे. उतारावर चाकं इंजिनाला ओढतात तेव्हा रोलर क्लच मोकळा सुटतो, त्याला फक्त पुढची ओढ कळते. आवर घालण्याचं सगळं काम कोन क्लच आणि त्याच्या स्प्रिंगा करतात. म्हणून उतारावर पाय उचलताच फेरे एकदम खाली पडत असतील आणि गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखी मोकळी सुटत असेल, तर कोन क्लचचं अस्तर झिजलंय किंवा स्प्रिंगा बसल्यात असं समजावं. ही खूण दिसली की ती गाडी घाटात नेऊ नये.

रिव्हर्सचा नियम

सगळ्या नियमांत हा सर्वात महत्त्वाचा : ओव्हरड्राईव्ह लागलेला असताना रिव्हर्स कधीही टाकायचा नाही. कारण साधं यांत्रिक आहे. गाडी मागे जाताना प्लॅनेट ॲन्युलसला इनपुट शाफ्टपेक्षा जास्त वेगाने मागे ढकलू पाहतात, पण त्याच दिशेने रोलर क्लच जाम होतो आणि म्हणतो, दोघांचा वेग एकच असला पाहिजे. एकाच चाकावर दोन वेगांची सक्ती झाली की काहीतरी तुटणारच, आणि तुटतं ते आतलं महागडं सामान.

हे टाळण्यासाठी गिअरबॉक्सवर एक इन्हिबिटर स्विच असतो. तो ठरलेल्या वरच्या गिअरांतच ओव्हरड्राईव्हला करंट जाऊ देतो. पण हा स्विच शॉर्ट झालेला असेल, कोणी वायर थेट जोडून तो टाळलेला असेल, किंवा झडप अडकून दाब सुटत नसेल, तर संरक्षण उरत नाही. ओव्हरड्राईव्ह अडकलाय अशी नुसती शंका आली, तरी गाडी मागे घेऊ नये. पुढेच काढावी, किंवा न्यूट्रलवर हाताने ढकलावी. घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हा नियम माहीत हवा.

तेल, गाळणी आणि सफाई

बहुतेक लेकॉक युनिट गिअरबॉक्सचंच तेल वापरतात. तेल कोणतं, हे गाडीच्या पुस्तकावर ठरतं, गॅरेजच्या सवयीवर नाही. एमजीबीला इंजिनाचंच २०डब्ल्यू-५० लागतं. काही ट्रायम्फना वेगळं गिअर ऑइल लागतं. लिमिटेड स्लिप डिफरन्शियलसाठीचं घसरट द्रव्य मिसळलेलं तेल यात मुळीच घालू नये, कारण कोन क्लचने पकड घ्यायची असते. जीएल-५ दर्जाच्या काही तेलांतली रसायनं जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी-कांस्य रिंगांना खातात, म्हणून तिथेही पुस्तकात सांगितलेलं तेलच वापरावं.

पातळी कमी झाली की पंप हवा ओढतो आणि दाब पडतो. म्हणून ओव्हरड्राईव्ह उशिरा लागू लागला की आधी तेलाची पातळी पाहावी. त्याच वेळी गळती शोधावी : युनिट आणि गिअरबॉक्सच्या जोडावर, सोलेनॉइडच्या बाजूला, मागच्या ऑइल सीलवर. तेल बदलताना युनिटच्या तळाची जाळीची गाळणी काढून पेट्रोलने धुवावी. जाळीत करड्या रंगाचा बारीक गाळ असेल तर ती साधारण झीज. चमकणारे धातूचे तुकडे दिसले तर आत काहीतरी झिजतंय, तेव्हा जाणकाराकडे दाखवावं.

एक सुरक्षेची बाब. ए आणि डी जातींत गाडी बंद केल्यावरही आत तेलाचा दाब साठून राहतो. झडपेचा नट उघडण्याआधी इग्निशन चालू, इंजिन बंद, चौथा गिअर टाकून ओव्हरड्राईव्हचं बटण दहा-बारा वेळा चालू-बंद करावं, म्हणजे दाब उतरतो. नाहीतर तेल जोराने अंगावर, डोळ्यांत उडू शकतं.

ओव्हरड्राईव्ह लागत नाही : आधी काय पाहायचं

बहुतेक तक्रारी विजेच्या असतात. जोयड्यासारख्या पावसाच्या मुलखात किंवा कोकणात जुन्या गाडीच्या वायरजोडांवर हिरवा गंज चढायला एकच पावसाळा पुरतो. गिअरबॉक्सच्या बाजूने जाणारी वायर त्याला झाकणाऱ्या टनेलला घासून कापली जाते. बॉडीशी असलेला अर्थ ढिला पडतो. एमजीबीसारख्या काही गाड्यांत या वायरीला कारखान्याकडूनच फ्यूज नव्हता. एखादा चांगला फ्यूज वाटेत बसवून घेणं ही सर्वात स्वस्त आणि फायद्याची दुरुस्ती.

पहिली चाचणी गाडी उभी असतानाच करता येते. इग्निशन चालू, इंजिन बंद, चौथा गिअर टाकलेला. बटण दाबलं की आतून टक् असा स्पष्ट आवाज आला पाहिजे. आवाज नसेल तर फ्यूज, बटण, इन्हिबिटर स्विच, वायर आणि अर्थ या क्रमाने टेस्ट लॅम्पने तपासावं. सोलेनॉइडपर्यंत करंट येतोय आणि तरीही आवाज नाही, तर सोलेनॉइड गेला. आवाज येतो पण चालताना ओव्हरड्राईव्ह लागत नाही, तर तेलाची पातळी, गाळणी, झडप आणि पंप पाहायचे. ही चाचणी फक्त विजेची आहे, हे विसरू नये. पंप गाडी चालत असतानाच दाब तयार करतो.

ए आणि डी जातींच्या मोठ्या सोलेनॉइडची एक खास गोष्ट आहे. त्यात दोन कॉइल असतात. ओढणारी कॉइल १५ ते २० अँपिअर घेते, धरून ठेवणारी एक-दोन अँपिअर. प्लंजर पूर्ण आत गेला की आतला संपर्क ओढणारी कॉइल तोडतो. पण बाहेरच्या लिव्हरची जुळणी चुकलेली असेल तर प्लंजर पूर्ण आत जात नाही, मोठी कॉइल सुरूच राहते आणि काही मिनिटांत जळते. नवा सोलेनॉइड बसवूनही तो पुन्हा जळाला, अशा तक्रारींत बहुतेक वेळा दोष सोलेनॉइडचा नसतो, जुळणीचा असतो. जुळणीची रीत कंपनीने सोपी ठेवली होती. लिव्हरला एक भोक आहे आणि युनिटच्या बॉडीला समोर दुसरं. सोलेनॉइडला करंट दिल्यावर ३/१६ इंचाची सळई किंवा ड्रिलचा दांडा दोन्ही भोकांतून सरळ आरपार गेला पाहिजे. गेला नाही तर प्लंजरचा नट फिरवून नेमकी जागा साधायची. मग अँपिअर मीटर लावून पाहायचं : सुरुवातीचा काटा चढून लगेच एक-दोन अँपिअरवर यायला हवा. एलएच आणि जे जातींत सोलेनॉइड लहान आणि अशा जुळणीची गरज नसलेला असतो. तिथे त्याच्या ओ-रिंग आणि झडपेची सफाई महत्त्वाची.

ओव्हरड्राईव्ह लागतो, पण सुटायला वेळ लागतो? ए आणि डी जातींत झडपेच्या दांड्यात सुईच्या टोकाएवढं भोक असतं, त्यातून दाब उतरतो. त्यात मळ अडकला की दाब हळू सुटतो. दाब उतरवून झडप बाहेर काढायची, मऊ तांब्याच्या बारीक तारेने भोक मोकळं करायचं आणि पुन्हा बसवायची. पोलादी तार वापरू नये, भोक मोठं होतं.

क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे : आधी वायर, मग तेल, मग गाळणी, मग झडप, आणि सगळ्यात शेवटी युनिट उघडणं. याला कारण आहे. एमजीबीत युनिट बाहेर काढायचं तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र उचलावे लागतात. ट्रायम्फ टीआरमध्ये गिअरबॉक्स केबिनमधून काढता येतो, पण सीट आणि टनेल सोडावं लागतं. एवढा खटाटोप आणि खर्च करून आत सगळं ठीक निघालं, दोष बाहेरच्या वायरीत होता, असं कळण्यासारखं दुसरं दुःख नाही.

उघडायचंच असेल तर

युनिट उघडायची वेळ खरंच आली, तर आपल्याकडच्या कौशल्यावर विश्वास ठेवावा आणि मर्यादाही ओळखाव्यात. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूर परिसरातल्या लेथवर बुश, स्पेसर, नट उत्तम बनतात. योग्य मापाच्या ओ-रिंग आणि ऑइल सील बाजारात मिळतात. पण कोन क्लचचं अस्तर, रोलर आणि त्यांचा पिंजरा, स्प्रिंगा हे सामान मूळ मापाचंच हवं. ते परदेशातल्या जुन्या गाड्यांच्या पुरवठादारांकडून मागवावं. परत जोडताना प्लॅनेटची चौकट आणि रोलर क्लच यांचे आतले खाचे एका रेषेत आणूनच शाफ्ट आत घालायचा असतो. जोर लावून बोल्ट आवळून जोडू पाहिलं तर आतलं सामान वाकतं किंवा फुटतं. साध्या शाफ्टचा डमी बनवून खाचे आधी जुळवून घ्यावेत, हा अनुभवी मिस्त्रींचा सल्ला खरा आहे.

आजच्या पाच-सहा गिअरच्या गाड्यांत स्वतंत्र बटण लागत नाही. गोव्यातच १९९० च्या दशकाच्या अखेरीस बनू लागलेल्या सॅन स्टॉर्म या दोन आसनी गाडीला रेनोचं इंजिन आणि पाच गिअर होते. जे काम लेकॉकचं वेगळं युनिट करायचं, ते अशा गाड्यांत पाचव्या गिअरनेच उचललं. पण ज्या गाड्या जुन्या यंत्रावर चालतात, त्यांच्या मालकाला हे यंत्र समजून घ्यावंच लागतं, कारण पुढच्या मिस्त्रीने ते पाहिलेलं असेलच असं नाही. म्हणून गाडीच्या कागदांबरोबर एक छोटी वही ठेवावी : कोणती जात आहे, कोणतं तेल, कोणत्या तारखेला बदललं, जाळीत काय सापडलं, सोलेनॉइड केव्हा जुळवला. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत रिव्हर्सचा नियम लिहावा. ही वही पुढच्या मालकाच्या हाती गेली की त्याला काहीही उघडण्याआधी कुठून सुरुवात करायची ते कळतं.